मुरूम, वण आणि लेसर

प्रश्न : माझे वय २४ वर्षे आहे. गालांवर आणि हनुवटीवर दर महिन्याला नवे मुरूम येतात, जुन्यांच्या जागी काळे डाग व खड्डे राहिले आहेत. मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब आठ महिने लावते आहे. ती बंद केली की चेहरा लाल होतो. पाच महिन्यांनी लग्न आहे. पार्लरमध्ये लेसरच्या सहा बैठकांचे पॅकेज सांगितले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : पैसे भरले नसतील, तर भरू नका. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा धागा लेसर हा नसून ती ट्यूब हा आहे. तिच्या वेष्टनावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. ही स्टेरॉइडे आहेत. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. एकाएकी थांबवल्यास दाह उसळतो, म्हणून ट्यूब सोबत नेऊन त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती सोडवा. अशा नाजूक झालेल्या त्वचेवर लेसर मारणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे.

मुरूम आणि त्यांचे वण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि जाहिरातीतला ‘लेसर’ हा एकच शब्द दोन्हींना पुरवला जातो. तेलग्रंथींनाच लक्ष्य करणाऱ्या १७२६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, हे खरे. परंतु मुरमांवरचा पहिला उपचार आजही अ‍ॅडापॅलिन, बेंझॉइल पेरॉक्साइड ही लावायची औषधे आणि गरजेनुसार पोटात घ्यायची औषधे हाच आहे, आणि त्याचा परिणाम दिसायला साधारण १२ आठवडे लागतात. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणीही करून घ्यावी.

खड्ड्यांसाठी सहसा फ्रॅक्शनल, म्हणजे सलग न मारता बारीक ठिपक्यांत मारला जाणारा, कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात, तो मुरूम शांत झाल्यावर. खिडकीशी उभे राहून आरशात पाहा : बाजूने येणाऱ्या उजेडात ज्याची सावली पडते तो खड्डा, आणि जो नुसता काळा दिसतो तो डाग. डाग बरेचदा सनस्क्रीन व मलमांनी काही महिन्यांत फिके होतात. टाचणीने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना मात्र लेसरही पुरेसा पडत नाही, तिथे छिद्रात तीव्र आम्लाचा थेंब सोडावा लागतो. फ्रॅक्शनल लेसरनंतर चेहरा लाल होऊन सुजतो, मग कोंड्यासारख्या बारीक खपल्या धरतात आणि त्या पडायला आठवडाभर लागतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत जास्त उष्णतेमुळे नवे काळे डाग पडण्याचा धोकाही गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. म्हणून पाच महिन्यांत मुरूम आटोक्यात आणणे हेच ध्येय ठेवा. खड्डे लग्नानंतरही भरता येतील, आणि हळदीच्या तोंडावर तर कोणताही नवा प्रयोग नको.

प्रश्न : मुरमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाचा माझा कोर्स दोन महिन्यांपूर्वी संपला. लेसरसाठी सहा महिने थांबावेच लागते का?

उत्तर : पूर्वी सरसकट तसेच सांगत. २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी पुरावे तपासले, तेव्हा फ्रॅक्शनल लेसरसाठी इतके थांबण्यास पुरेसा आधार आढळला नाही. चेहऱ्याचा संपूर्ण थर काढणाऱ्या लेसरबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. कोर्सची तारीख आणि पूर्वी ओठांवर नागीण उठली असल्यास तेही डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे त्यावरच्या गोळ्या लेसरपूर्वीच सुरू करता येतील.