सहा गावांना एक पाळक हवा आहे
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये हेरफर्डशायरला राहतो. इथल्या सहा खेड्यांतल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चना मिळून एकच व्हिकर (पाळक) होते, ते निवृत्त झाले. आमच्या चर्चच्या पीसीसीने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीने, मला नव्या पाळकाच्या निवडीसाठी ‘पॅरिश प्रतिनिधी’ नेमलं आहे. आमच्या नगरकडे डायोसिसचा (बिशपच्या प्रांताचा) बदलीचा आदेश आला की नवे पाळकसाहेब हजर होतात, मंडळीला कुणी विचारत नाही. इथे माझ्या हातात नक्की काय आहे?

उत्तर : बरंच काही आहे. मात्र आधी रूरल डीनना (आसपासच्या चर्चांकडे पाहणाऱ्या पाळकांना) एक गोष्ट विचारून घ्या : ही जागा ‘सस्पेंड’ केलेली आहे का? चर्चची फेररचना करायची असली की बिशप नेमणुकीचा नेहमीचा हक्क एका वेळी पाच वर्षांपर्यंत स्थगित ठेवू शकतात. तसं असेल तर बिशप ‘प्रीस्ट-इन-चार्ज’ नेमतात. त्यांना पीसीसीशी सल्लामसलत करावी लागते, पण कायद्याने तुमच्याकडे नकाराधिकार राहत नाही.

जागा सस्पेंड नसेल तर 1986 चा पेट्रनेज कायदा लागू होतो. उमेदवाराचं नाव सुचवण्याचा हक्क पेट्रनचा. पेट्रन म्हणजे कधी बिशप, कधी ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, कधी गावच्या जुन्या जमीनदार घराण्याचा वारस. सहा चर्चं एकत्र आली असतील तर पेट्रनही अनेक असतात. ते पाळीपाळीने किंवा मंडळ करून हा हक्क वापरतात, तेव्हा या वेळी पाळी कुणाची हे डायोसिसच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

जागा रिकामी झाल्याची डायोसिसची नोटीस आली की पीसीसींची सभा मुदतीत घ्यावी लागते. तिला सगळे, कायद्याच्या कलमावरून, ‘सेक्शन इलेव्हन’ म्हणतात. पॅरिश प्रोफाइल (चर्चची माहिती आणि कसा पाळक हवा ते सांगणारा मजकूर) मंजूर करणं, प्रतिनिधी नेमणं, जाहिरात द्यायची विनंती करायची का ते ठरवणं, आणि बिशप व पेट्रनसोबत संयुक्त बैठक हवी का ते ठरवणं, ही तिची कामं. जाणारे व्हिकर आणि त्यांची पत्नी किंवा पती या सभेला बसू शकत नाहीत. प्रेमापोटी त्यांना चहाला बोलावतात आणि सभा तिथेच रंगते, तेवढं टाळा.

मुलाखतीनंतर पेट्रनने निवडलेल्या उमेदवाराला तुम्हा प्रतिनिधींची आणि बिशपची संमती लागते. नकार द्यायचा तर लेखी कारणांसह द्यावा लागतो, आणि पेट्रन त्यावर आर्चबिशपकडे दाद मागू शकतो. गप्प राहिलात तर मुदत संपताच तुमची संमती गृहीत धरली जाते. म्हणून त्या दिवसांत प्रतिनिधींनी सुट्टीवर जाऊ नये.

‘आम्हाला बाई पाळक नको’ असं मुलाखतीत पुटपुटून चालत नाही. त्यासाठी 2014 च्या हाउस ऑफ बिशप्सच्या (बिशपांच्या सभागृहाच्या) घोषणेनुसार त्या-त्या पीसीसीचा रीतसर ठराव लागतो. सहापैकी एकाच गावाने तो केला तर उरलेल्या पाचांनी काय करायचं, हे जाहिरातीआधी बिशपशी बोलून घ्या.

प्रश्न : दोनदा जाहिरात दिली, एकही अर्ज नाही. घर मोठं आहे, परिसर सुंदर आहे. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुतेक वेळा प्रोफाइलमध्ये. ‘तरुण कुटुंबांना ओढणारा, उत्साही, परंपरा जपणारा आणि नवं घडवणारा’ पाळक मागणारं प्रोफाइल अनुभवी माणूस दुसऱ्या पानावर मिटतो. त्याला आकडे हवे असतात : प्रत्येक चर्चमध्ये रविवारी खरोखर किती माणसं येतात, इलेक्टोरल रोलवर (चर्चच्या मतदारयादीत) किती नावं आहेत, पॅरिश शेअर (डायोसिसला द्यायचा वाटा) पूर्ण भरला जातो का, आर्किटेक्टच्या पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीत कोणती दुरुस्ती निघाली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. छप्पर गळत असेल तर तसंच लिहा. ते लपवलंत तर मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराला बादल्या दिसतातच.

पण खरा घोळ रविवारच्या वेळापत्रकात असतो, आणि तो सोडवल्याशिवाय तिसरी जाहिरात देऊ नका. साडेनऊला एक उपासना, मध्ये वीस मिनिटांचा गाडीप्रवास, अकराला दुसरी. एका माणसाला सकाळी एवढंच नीट जमतं. म्हणजे सहा चर्चपैकी प्रत्येकाला पाळक तीन आठवड्यांतून एकदा मिळणार. उरलेल्या रविवारी रीडर (दीक्षा नसलेला, पण उपासना चालवायची परवानगी असलेला माणूस) किंवा मंडळीतलेच कुणी प्रार्थना चालवतील. प्रभुभोजनाला मात्र दीक्षित पाळकच लागतो. प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी उपासना झालीच पाहिजे, ही सक्ती आता नाही. 2019 मध्ये कॅनन (चर्चचे नियम) बदलले आणि पूर्ण गटात निदान एका चर्चमध्ये उपासना झाली तरी पुरतं. गावागावाला हे पटवणं हे चर्चवॉर्डनचं, म्हणजे मंडळीने निवडलेल्या कारभाऱ्याचं, काम. नव्या व्हिकरने आल्या आल्या ते केलं तर पहिल्याच महिन्यात वैर उभं राहतं.

सभांचंही तसंच. सहा पीसीसी, प्रत्येकीच्या वर्षाला चार सभा धरल्या तर चोवीस संध्याकाळी गेल्या. शिवाय 31 मेच्या आत सहा वार्षिक सभा, आणि नाताळात सहा कॅरल सर्व्हिस. एक संयुक्त कौन्सिल, एक खजिनदार, एक सेफगार्डिंग (मुलं व दुर्बलांच्या संरक्षणाचा) अधिकारी एवढं आधीच जुळवून प्रोफाइलमध्ये लिहिलंत तर चित्र पालटतं. पाळकाला वर्षाला 36 दिवस रजा असते, त्यात जास्तीत जास्त सहा रविवार, आणि आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती. ‘साप्ताहिक सुट्टी आम्ही पाळतो’ हे वाक्य लिहा, आणि खरंच पाळा.

घराबद्दलही नेमकं लिहा : खोल्या किती, अभ्यासिकेला वेगळं दार आहे का, हिवाळ्यात घर तापवायला काय खर्च येतो, ब्रॉडबँड चालतं का, जवळची माध्यमिक शाळा कुठे, जोडीदाराला नोकरी मिळेल असं शहर किती मिनिटांवर. ‘सुंदर परिसर’ हे दोन शब्द प्रत्येक ग्रामीण प्रोफाइलमध्ये असतात.

एवढं करूनही पूर्ण पगारी माणूस मिळत नसेल तर ‘हाउस फॉर ड्यूटी’चा विचार करा : राहायला घर मोफत, पगार नाही, बदल्यात साधारणपणे रविवार आणि आठवड्याचे दोन दिवस काम. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना हे आवडतं. पण दोन दिवसांच्या माणसाकडून सहा दिवसांची अपेक्षा ठेवलीत तर तोही टिकणार नाही.

प्रश्न : पाळक नसतानाच पुतणीचं लग्न आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे. अडचण येईल का?

उत्तर : लग्न लावायला निवृत्त पाळक मिळतो. त्याच्याकडे बिशपची परवानगी हवी, ते रूरल डीन बघतील. मुलगा भारतीय नागरिक असल्याने चर्चमध्ये तीन रविवारी बॅन्स (लग्नाची जाहीर घोषणा) पुकारून भागणार नाही. सुपरिंटेंडंट रजिस्ट्रारचं (सरकारी विवाह नोंदणी अधिकाऱ्याचं) सर्टिफिकेट लागेल. त्याच्या नोटिशीची मुदत 28 दिवसांची असते, ती 70 दिवसांपर्यंत वाढू शकते. तेव्हा हॉल आणि केटररला आगाऊ पैसे देण्याआधी रजिस्टर ऑफिस गाठा.

4 मे 2021 पासून चर्चमधलं लग्नाचं जुनं रजिस्टर बंद झालं. आता सह्या झालेला कागद 21 दिवसांच्या आत रजिस्टर ऑफिसला पोचवावा लागतो. पाहुणा पाळक लग्न लावून घरी जातो आणि कागद व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकाच्या खोलीच्या) कपाटात राहतो, असं होऊ नये म्हणून तो कोण नेणार ते एका चर्चवॉर्डनच्या नावाने आधीच ठरवा.

प्रश्न : माझा मावसभाऊ नाशिकला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळक आहे. तो इथल्या जागेसाठी अर्ज करू शकेल का? मी इथे प्रतिनिधी आहे.

उत्तर : त्याने अर्ज केला तर तुम्ही नातं लेखी कळवून प्रतिनिधीपद सोडा, दुसरं कुणी नेमू द्या. हे आधी.

तो अर्ज करू शकतो. सीएनआय 1970 मध्ये नागपूरला स्थापन झालं आणि ते अँग्लिकन कम्युनियनमध्ये (चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या जगभरच्या चर्चांच्या परिवारात) आहे. तरी परदेशात दीक्षा झालेल्याला इथे सेवा करायला 1967 च्या कायद्याखाली आर्चबिशपची लेखी परवानगी लागते. हेरफर्डसाठी ती कँटरबरीच्या आर्चबिशपकडून येते. त्याच्या बिशपचं पत्र, भारतातलं पोलिस प्रमाणपत्र आणि व्हिसासाठी स्पॉन्सर हेही लागेल. स्पॉन्सर तुमची पीसीसी नव्हे, डायोसिस होते, म्हणून अर्जाआधी त्याने डायोसिसच्या कचेरीला विचारावं. आणि इंग्लंडमधली पहिलीच नेमणूक एकट्याने सहा चर्चं सांभाळायची नसावी. शहरातल्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये सहायकाची जागा आधी शोधायला सांगा.