उशिरा रडलेल्या बाळाला अँटिऑक्सिडंट द्यावे का?

प्रश्न : आमच्या नातवाचा जन्म दोन महिन्यांपूर्वी इंदूरमध्ये झाला. प्रसूती अडली, बाळ जन्मल्यावर रडले नाही, पिशवीने श्वास द्यावा लागला आणि त्याच रात्री झटके आले. आता तो घरी आहे आणि अंगावर नीट पितो. अशा बाळांच्या मेंदूला अँटिऑक्सिडंटमुळे फायदा होतो, असे भाच्याने वाचले. ओळखीच्या औषध दुकानदारानेही ई जीवनसत्त्वाचे आणि मेलाटोनिनचे थेंब सुचवले. आपण काही करायचे राहून तर जात नाही ना, या विचाराने सुनेला झोप नाही. थेंब सुरू करावेत का?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, हे थेंब सुरू करू नयेत, आणि ते दिले नाहीत म्हणून बाळाचे काही राहून गेले, असेही सुनेला वाटू देऊ नये.

भाच्याने वाचलेले निराधार नाही. प्राणवायू तुटतो तेव्हा पेशींमधील ऊर्जेचा साठा मोडत जातो आणि हायपोझँथिन नावाचा पदार्थ साचतो. श्वास परत सुरू झाल्यावर झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्या साठ्यावर प्राणवायूच्या मदतीने काम करते आणि त्यातून पेशींना इजा करणारे मुक्त कण मोठ्या प्रमाणात तयार होतात; अँटिऑक्सिडंट म्हणजे अशा कणांना निष्प्रभ करणारे पदार्थ. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर जेवण बाधावे, तसे हे होते. नवजात मेंदूची स्वतःची संरक्षक विकरे अजून अपुरी असल्याने त्याला हा मारा सोसत नाही. मात्र हा सारा प्रकार मुख्यतः पहिल्या काही तासांत आणि दिवसांत घडतो. यूरिक ॲसिड वाढल्यावर मोठ्यांना देतात ते ॲलोप्युरिनॉल हेच विकर रोखते, म्हणून युरोपातील अल्बिनो चाचणीत ते जन्मानंतर तासाभराच्या आत देऊन पाहण्यात आले. दोन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ती वेळ केव्हाच मागे पडलेली असते.

त्या वेळेत दिलेली औषधेही प्रत्येक वेळी उपयोगी ठरली नाहीत. तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या औषधावर फार आशा होती. पण अमेरिकेत सुमारे 500 बाळांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या हील चाचणीत शीतोपचाराच्या (बाळाचे शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराच्या) जोडीला ते दिल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट गंभीर दुष्परिणाम वाढलेले आढळले. मेलाटोनिनवरचे अभ्यास आजवर थोड्या बाळांचे आहेत आणि तेही रुग्णालयात, देखरेखीखाली केलेले. ई जीवनसत्त्वही निरुपद्रवी समजू नये : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते जास्त मात्रेत दिल्यावर रक्तातील जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढलेले दिसले आहे.

या साऱ्या संशोधनाने सर्वांत मोठे काम केले ते औषधाविना, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. न रडणाऱ्या बाळाला पूर्वी सर्रास शंभर टक्के प्राणवायू देत. नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड आणि दिल्लीचे सिद्धार्थ रामजी यांनी साध्या हवेनेही बाळ सावरते, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले. पुढील अभ्यासांत साध्या हवेने मृत्यूही कमी होतात असे दिसले, आणि 2010 पासून पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच द्यावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे.

बाळाला ‘कुलिंग’, म्हणजे वर आलेला शीतोपचार, का केले नाही, असेही तुम्हाला कोणी विचारेल. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून 72 तास शरीराचे तापमान 33.5 अंशांच्या आसपास ठेवण्याचा हा उपचार श्रीमंत देशांत उपयुक्त ठरला आहे. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत 408 बाळांवर झालेल्या हेलिक्स चाचणीत (2021) शीतोपचार मिळालेल्यांपैकी 42 टक्के, तर न मिळालेल्यांपैकी 31 टक्के बाळे दगावली. त्यामुळे कुलिंग झाले नाही याची हळहळ मनात धरू नका.

आता खरी गरज आहे ती बाळाच्या वाढीवर बारकाईने लक्ष ठेवण्याची. डोक्याचा घेर दर भेटीत टेपने मोजून कार्डावर लिहून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत तो दर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो. बाळ तुमच्या चेहऱ्याकडे पाहून हसते का, दूध पिताना ठसकते का, कपडे बदलताना मांड्या ताठ लागतात का, तीन महिन्यांनंतरही अंगठा मुठीत दाबून धरते का, चार महिन्यांपर्यंत मान धरते का, हे पाहा. यांपैकी काही खटकले तर ‘मुलगे जरा उशिराच करतात’ असे म्हणून थांबू नका. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा बाळांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे चालतात, त्यांची चौकशी बालरोगतज्ज्ञांकडे करावी. ड जीवनसत्त्वाचे रोजचे 400 युनिटचे थेंब मात्र तुमच्या डॉक्टरांनी दिले असतील तर चालू ठेवा, आणि झटक्यांचे औषध स्वतःहून बंद करू नका. कानांची ‘बेरा’ तपासणी अजून झाली नसेल, तर बाळ तीन महिन्यांचे होण्याआधी ती करून घ्या.