लाल मातीच्या भांड्यावरचा पांढरा थर वाळताना का सुटतो?

वेंगुर्ल्यात तुम्ही हाताने भांडी घडवता, त्यांवर चिनी मातीचा घोळ लावून नक्षी कोरता आणि वाळताना थर सुटतो, असं तुम्ही लिहिलंय.

थर नेमका कसा सुटतो ते आधी बघा. काठावर, कंगोऱ्यावर टरफलासारखा उचलला जात असेल तर घोळापेक्षा भांडं जास्त आकसतंय. आटलेल्या तळ्यासारख्या भेगा असतील तर उलट: भांडं वाळून बसलं होतं, घोळ एकटाच आकसला. नुसती चिनी माती घेता म्हणजे बहुधा पहिलंच. ती कमी आकसते आणि तिला चिकटपणाही बेताचा. वजनाने ५० भाग चिनी माती, ४० बॉल क्ले (बारीक, चिकट, जास्त आकसणारी माती), १० फ्रिट (वितळवून दळलेली काच) घ्या. रात्रभर भिजवून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रं) चाळणीतून गाळा, आटवलेल्या दुधाइतका दाट ठेवा. तरी काठ सोलला तर बॉल क्ले १० भागांनी वाढवून चिनी माती तेवढी कमी करा.

वेळ तर याहून महत्त्वाची. नख दाबल्यावर वण उठतो पण भांडं वाकत नाही, तेव्हाच घोळ लावायचा. तास मोजून चालत नाही. पावसात ही अवस्था यायला दोन दिवसही लागतात. मे महिन्यात दुपारपर्यंत ती निघून जाते, तीही वाऱ्याकडच्या बाजूने आधी. म्हणून भांडं सैल प्लास्टिकखाली ठेवा, अधूनमधून फिरवा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्या. पहिल्याची चकाकी गेली की दुसरा.

दुसऱ्याचीही चकाकी जाऊन थर बोटाला लागेनासा झाला की नक्षी कोरा. रेघेच्या कडा भुगा होऊन तुटल्या तर उशीर झाला. माती कोरणीच्या टोकाला चिकटून ओढली गेली तर घाई. कडेला उठलेला कीस ओला असताना पुसू नका, पांढऱ्यावर लाल फासलं जाईल. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा.

आणखी एक, किनाऱ्यावर हमखास होणारी चूक: मातीत समुद्राची वाळू घालणं. तिच्यातल्या शिंपल्याच्या कणांचा भट्टीत, साधारण ८५० अंशांपुढे, कळीचा चुना होतो. तो नंतर हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि काही दिवसांनी नक्षीसकट टवका उडवतो. वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती नको. त्याऐवजी भाजक्या खापराची बारीक पूड घाला. शिंपल्याचा ठसा मात्र खुशाल उमटवा. शिंपला आधी राखेत घोळवला की माती चिकटत नाही.