मॉलिक्युलर बायोलॉजीत एमएस्सी केल्यावर कॅन्सर संशोधनात जावं का? नव्या उपचारांवर काम करायला मिळतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पैसे किती मिळतात, परदेशी जावंच लागतं का, आणि कार-टीसारख्या (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) उपचारांवर काम करायला मिळेल का. शेवटी लिहिलंय की घरचे म्हणतात, "इतकी वर्षं घालवून हाती काय लागणार?" खरं तर त्या वाक्यामुळेच मी लिहायला बसले.

पैशांचं आधी उरकते. जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी पाठ्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी तिच्याच पुढच्या टप्प्याचे, म्हणजे एसआरएफचे ४२,०००, शिवाय घरभाडं. मी लागले तेव्हा १६,००० होते. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरून चाला. आता वर्षं घालवण्याबद्दल.

२०१२ साल, पीएचडीचं तिसरं वर्ष. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एक प्रथिन पी५३ला (बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला) दाबून ठेवतं का, हा माझा विषय. काम एमसीएफ-७ या सेल लाईनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर. ती दुसऱ्या लॅबमधून फ्लास्कमध्ये आली होती, विरजण मागून आणावं तशी. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिलं की डीएनए तुटतो आणि एमसीएफ-७मध्ये पी५३ चांगलंच वाढतं. माझ्या पेशींमध्ये ते जेमतेम वाढायचं. आम्ही अर्थ लावला की आमचं प्रथिनच त्याला दाबतंय. आठ महिने ब्लॉटमागून ब्लॉट (प्रथिन किती आहे ते पट्टीवर दाखवणारी चाचणी) केले. सर खूश होते, पेपरचा मसुदा तयार होता.

पण दोन गोष्टी खटकत होत्या. एमसीएफ-७ सावकाश, बेटं-बेटं करून वाढते. माझ्या पेशी पसरून वाढायच्या आणि दर दोन दिवसांनी स्प्लिट कराव्या, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये वाटून घालाव्या लागायच्या. दुसरं म्हणजे एमसीएफ-७मध्ये असायलाच हवं ते इस्ट्रोजेन रिसेप्टर हे प्रथिन, त्याचा बँड ब्लॉटवर काही केल्या येत नव्हता. ते हुडकणारी अँटिबॉडी जुनी झाली असेल म्हणून नवी मागवली, तरी पट्टी कोरीच. लॅबमधल्या सीनियरना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, इतका छान डेटा आलाय, आता कशाला उकरतेस? पेपर जाऊ दे, मग कर काय करायचं ते."

त्या रविवारी बाबांचा फोन आला. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, सगळी नोकरी तिथेच. उसाच्या काट्यावरून आमच्याकडे किती भांडणं होतात ते तुम्हाला माहीत असेल. मी त्यांना मराठीत जमेल तसं सगळं सांगितलं. पी५३ त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी एकच विचारलं, "पोरी, पहिली गाडी घ्यायच्या आधी आम्ही प्रमाणित वजनं ठेवून काटा बघायचो. तुझा काटा कुणी बघितलाय का?"

कुणीच बघितला नव्हता. मी पेशी एसटीआर तपासणीला पाठवल्या. सेल लाईनची ओळख पटवायची ही चाचणी, खर्च काही हजार रुपये. रिपोर्ट आला: हीला.

हीला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. त्यांच्यात एचपीव्ही-१८ विषाणूची जनुकं असतात आणि त्यातलं ई६ प्रथिन पी५३ला सतत नष्ट करत राहतं. म्हणजे मी आठ महिने विषाणूचं काम बघत होते. आमच्या प्रथिनाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. रिसेप्टरचा बँड येणार तरी कुठून!

सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "फेकून दे सगळं, नव्याने सुरू कर." याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. सीनियर मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "एका मुलीच्या हट्टापायी लॅबचं दीड वर्ष गेलं." पुढे एका कॉन्फरन्सला भेटले तेव्हाही तेच. तेव्हा मी गप्प बसले, इथे उत्तर देते. ते दीड वर्ष मी तपासणी केली त्या दिवशी गेलं नाही. न तपासलेला फ्लास्क इनक्युबेटरमध्ये ठेवला, त्याच दिवशी ते गेलं होतं.

असं फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलरनी दाखवलं की वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ सेल लाईन्स प्रत्यक्षात हीलाच दिसतात. एमडीए-एमबी-४३५ या सेल लाईनवर तर वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून काम झालं, आणि २००७मध्ये पक्कं झालं की ती मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची आहे. किती जणांची किती वर्षं, विचार करा.

परदेशाचं म्हणाल, तर कमल रणदिवे आठवा. पुण्यात जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९४९मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे, ज्यांच्या लॅबमध्ये हीला वाढल्या त्यांच्याकडे, त्या टिश्यू कल्चर शिकल्या. परत येऊन मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. जायचं तर एखादी पद्धत शिकायला असं जा. नुसता शिक्का आणायला जाऊ नका.

नव्या उपचारांवर काम मिळतं, आणि इथेच मिळतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत २०१७मध्ये आलेल्या पहिल्या कार-टीची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपली त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात पडते. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांच्यात कर्करोगी बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखणाऱ्या रिसेप्टरचं जनुक घालायचं, वाढवायच्या आणि परत द्यायच्या.

आणि इथेही प्रश्न तोच, रुग्णाला द्यायच्या पिशवीत नक्की काय आहे? २०१८मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी एका वीस वर्षांच्या रुग्णाची हकिकत छापली. टी पेशींसोबत ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) एकच बी पेशी राहून गेली होती. रिसेप्टरचं जनुक तिच्यातही शिरलं, तो रिसेप्टर तिच्या स्वतःच्या सीडी१९लाच चिकटला आणि ती टी पेशींच्या नजरेआड गेली. आजार उलटला, रुग्ण गेला. एका पेशीमुळे. मी आज सेल थेरपीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. प्रत्येक बॅचवर सही करताना हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. "आकडे छान आलेत" हे वाक्य मी आमच्या खोलीत कुणाला बोलू देत नाही.

घरात पैशांची तातडी असेल तर मात्र लगेच पीएचडीला लागू नका, एमएस्सीवर कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळते. माझा अनुभव फक्त ओल्या, म्हणजे प्रयोगशाळेत हाताने करायच्या प्रयोगांचा आहे. बायोइन्फॉर्मेटिक्सवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटरवर जैविक डेटा तपासणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकेल. सगळे सीनियरही असे नसतात, मला पुढे फार चांगले भेटले.

पीएचडीसाठी लॅब बघायला जाल तेव्हा पेपर किती आणि कुठे छापलेत ते नंतर विचारा. आधी विचारा, "तुमच्या सेल लाईन्सचा शेवटचा एसटीआर रिपोर्ट बघायला मिळेल का?" जिथे कुणी न चिडता उठून फाईल काढून देईल, तिथे अर्ज करा.