अपडेट झालं आणि बॅटरी टिकेना
वाचकांचे प्रश्न, दुरुस्तीवालीची उत्तरं

(आमच्या स्तंभलेखिका सांगलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतात.)

प्रश्न : माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फोन अँड्रॉइड, दोन वर्षांचा, बॅटरी ५००० एमएएचची. सकाळी सहाला पूर्ण चार्ज करून निघालो तर रात्री जेवताना तीस टक्के तरी शिल्लक असायची. मागच्या आठवड्यात मोठं अपडेट आलं, ते केलं. आता दुपारी तीनलाच पंधरा टक्क्यांवर येतो आणि खिशात गरम लागतो. गावातला दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, पुतण्या म्हणतो फॉरमॅट मारा. छाटणी उरकली आहे, हवामान बघायला आणि सल्लागारांच्या ग्रुपसाठी फोन दिवसभर लागतो. काय करू? – एक बागायतदार

उत्तर : दादा, बॅटरी इतक्यात बदलू नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. तुमच्या फोनमध्ये फवारणीच्या नोंदी असतील, पानांचे फोटो असतील, ग्रुपवर आलेले सल्ले असतील. बॅकअप न घेता फॉरमॅट मारून मग माणसं माझ्याकडे येतात, आणि मला त्यांना काहीही परत काढून देता येत नाही. हल्लीच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि फॉरमॅटमध्ये त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते. चार्जिंग टिकत नाही म्हणून हंगामाच्या नोंदी घालवायच्या, हे ऐन डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) दिवसांत कुणावर येऊ नये.

आधी अपडेटनंतर आत काय चालतं ते सांगते. मोठ्या अपडेटमध्ये अँड्रॉइडची आवृत्तीच बदलते. मग फोन प्रत्येक अ‍ॅप नव्या आवृत्तीला जुळवून घेतो, सगळे फोटो-व्हिडिओ पुन्हा चाळतो, आणि त्याच वेळी प्ले स्टोअरवरून अ‍ॅपची अपडेट्स एकामागोमाग उतरत असतात. प्रोसेसर राबतो, म्हणून फोन तापतो. हे साधारण दोन-तीन दिवस चालतं. यातलं बरंचसं काम फोन चार्जरला लावलेला आहे आणि कुणी हात लावत नाही अशा वेळीच होतं. तुम्ही संध्याकाळी तासभर चार्ज करून फोन काढून ठेवत असाल, तर ते काम रेंगाळत राहतं. म्हणून आज फोन एकदा रिस्टार्ट करा आणि दोन रात्री वाय-फाय चालू ठेवून चार्जरला लावून झोपा. फोन उशाखाली किंवा गादीवर नको, फरशीवर किंवा टेबलावर ठेवा, म्हणजे उष्णता बाहेर पडेल.

तिसऱ्या रात्री चार्जर काढा, झोपताना टक्के बघा, सकाळी उठल्यावर परत बघा. ही तपासणी फुकट आहे आणि ती मला दुकानदाराच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते. रात्रीत तीन ते पाच टक्के उतरले तर फोन आतून शांत झाला आहे, दिवसा जाणारं चार्जिंग तुमच्या वापराचं आहे. वीस-पंचवीस टक्के उतरले, तर कुणीतरी रात्रभर जागं आहे.

ते कोण, हे सेटिंगमधल्या बॅटरी वापराच्या पानावर दिसतं. लोक तिथे नुसते टक्के बघून परत येतात. मी आधी बघते ते प्रत्येक अ‍ॅपखालचे तास: स्क्रीनवर किती वेळ होतं आणि बॅकग्राउंडला किती. एखादं अ‍ॅप तुम्ही दहा मिनिटं उघडलं आणि बॅकग्राउंडला ते नऊ तास चाललं, तर चोर सापडला.

कवठे महांकाळकडचा असाच एक फोन माझ्या टेबलावर आला होता, तोही अपडेटनंतर बिघडलेला म्हणून. बॅटरीचा कनेक्टर सोडवून मी बोर्ड डीसी पॉवर सप्लायवर घेतला, म्हणजे बॅटरीऐवजी बाहेरून वीज देऊन किती खर्च होते ते दाखवणाऱ्या यंत्रावर, आणि चार व्होल्ट दिले. स्क्रीन चालू असताना मीटर तीनशेच्या पुढे मिलीअँपिअर दाखवत होता, ते ठीकच आहे. स्क्रीन बंद केल्यावर चांगला फोन थोड्या वेळात वीस-तीसवर येऊन थांबतो. हा दीडशेच्या खाली येईना. मध्येच आकडा उसळायचा, परत दीडशेवर यायचा. आत बघितलं तर हवामानाची तीन अ‍ॅप होती आणि तिघांनाही लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ दिलेली. एकेक बंद करत गेले. तिसरं बंद केल्यावर आकडा घसरला आणि पंचविसाच्या आसपास स्थिरावला. दोन अ‍ॅप काढून टाकली, एकाची परवानगी ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ अशी केली आणि जुनीच बॅटरी परत बसवून फोन दिला.

आकडा मांडून बघा. वीस मिलीअँपिअरने आठ तासांत १६० एमएएच जातात, म्हणजे तुमच्या ५००० मधले जेमतेम तीन टक्के. दीडशेने आठ तासांत १२०० जातात, म्हणजे चोवीस टक्के. तुम्ही फोनला हातही न लावता.

तुमच्या कामात हवामानाशिवाय भागत नाही हे मला माहीत आहे. अवकाळीची चाहूल लागली की फवारणीचा निर्णय तासाभरात घ्यावा लागतो. पण अ‍ॅप उघडल्यावर हवामान दिसलं म्हणजे पुरे, त्यासाठी त्याला दिवसभर तुमच्या मागे फिरायची गरज नाही. ई-पीक पाहणीसाठी दिलेली लोकेशनची परवानगीही पाहणी झाल्यावर एकदा तपासा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅटरी वापर मात्र ‘रिस्ट्रिक्टेड’ (मर्यादित) करू नका, ग्रुपवरचे निरोप उशिरा येतील.

आणखी एक, अपडेटमध्ये कधीकधी काही सेटिंग आपोआप बदलतात. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) परत १२० हर्ट्झवर जातो, बंद स्क्रीनवर घड्याळ दिसू लागतं, लॉक स्क्रीनवर रोज नवी चित्रं आणि बातम्या येतात. तेवढं बघून बंद करा.

हे सगळं करूनही उतरत असेल, तर मग बॅटरीकडे या. खरोखर बसलेली बॅटरी वेगळी वागते. चाळीस टक्क्यांवरून एकदम अठरावर येते, कॅमेरा उघडला की वीस टक्के असताना फोन बंद पडतो, चार्जरला लावला की लगेच पंधरा दाखवतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो. जास्त करंट मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. अशी लक्षणं असतील तर बदला, पण घेताना बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. डब्यात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते.

प्रश्न : मी पाटण तालुक्यात आशा सेविका आहे. वाड्या-वस्त्यांवर फिरताना फोन वापरला नाही तरी चार्जिंग संपतं. अपडेटनंतर जास्तच. घरी बसले की मात्र टिकतं. असं का?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. घरी टिकतं म्हणजे बॅटरी चांगली आहे. फिरताना फोन रेंज शोधत राहतो. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी हळू आवाजात बोलतो, डोंगराआड गेला की पूर्ण ताकदीने ओरडतो. ४जी फोनची ही ताकद २०० मिलीवॅटपर्यंत जाते. कोयनेच्या खोऱ्यात एका वळणावर दोन काड्या आणि पुढच्या वळणावर काहीच नाही, अशा ठिकाणी तो दिवसभर ओरडत असतो.

अपडेटनंतर वाढलं, कारण बऱ्याचदा नेटवर्कचं सेटिंग परत ‘५जी ऑटो’वर जातं. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं, पण तुमच्या वाडीवर येत नसेल तर फोनने ते शोधत बसण्यात अर्थ नाही. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन पसंतीचं नेटवर्क ४जी करा. दुसरं सिम असेल आणि त्याला तिकडे रेंजच नसेल, तर फिरतीवर ते बंद ठेवा.

एरवी मी अशा वेळी एअरप्लेन मोड सांगते, तुम्हाला सांगणार नाही. एखाद्या बाळंतिणीच्या घरचा फोन कधी येईल याचा नेम नसतो, तुमचा फोन लागलाच पाहिजे. त्यापेक्षा दहा हजार एमएएचचा पॉवर बँक पिशवीत ठेवा. त्यातून फोनला प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच मिळतात, कारण आतल्या बॅटरीचे पावणेचार व्होल्ट पाचवर नेताना एमएएचचा आकडा घटतो आणि वर काही ऊर्जाही जाते. तरी एक दिवस आरामात निघतो.

प्रश्न : आम्ही विट्याचे, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे मुक्काम परराज्यात. जुना आयफोन घेतला आहे, बॅटरी हेल्थ (नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता) ७९ टक्के. अपडेट केल्यापासून मंदही झाला. कंपन्या मुद्दाम करतात म्हणतात, खरं का?

उत्तर : या शंकेला आधार आहे. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ या अपडेटपासून अ‍ॅपलने जुन्या बॅटरीचे काही आयफोन मंद केले आणि ते उघडपणे मान्य केलं डिसेंबर २०१७ मध्ये. बॅटरी कमकुवत असताना फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. टीका झाल्यावर २०१८ सालापुरता बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि बॅटरी हेल्थचं पान फोनमध्ये आलं ते त्यानंतरच. गूगलनेही जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए या आपल्या फोनला असं अपडेट दिलं की काही फोनची बॅटरी आधीपेक्षा कमीच भरू लागली, आणि त्या ग्राहकांना बॅटरी फुकट बदलून देण्याची सोय ठेवली. म्हणजे असं घडतं. माझं म्हणणं इतकंच, की ग्राहकाला आधी सांगायला हवं होतं. माणूस पदरचे पैसे घालून नवा फोन घेतो आणि गरज फक्त बॅटरीची असते, हे मला बघवत नाही.

तुमच्या फोनचं सांगायचं तर ७९ टक्के म्हणजे बॅटरी बदलायची वेळ झालीच आहे. आयफोन १४ पर्यंतच्या फोनला ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राहील असं अ‍ॅपल सांगतं, १५ पासून पुढे १००० चार्जनंतर. बॅटरी बदला, मंदपणाही बराचसा जाईल.

प्रश्न : मी कराडला राहतो, बँकेतून निवृत्त आहे. हे सगळं ऐकून अपडेट करणंच बंद करावं म्हणतो.

उत्तर : काका, तसं करू नका. तुम्ही फोनवरून पैसे पाठवता, पेन्शनचं खातं त्यावर बघता. दर काही आठवड्यांनी येणारं छोटं सुरक्षा अपडेट आलं त्याच दिवशी करा. त्यात चोरवाटा बुजवलेल्या असतात आणि बॅटरीवर त्याचा फारसा ताण येत नाही. आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट मात्र दोन-तीन आठवडे थांबून केलं तर चालतं. तोवर पहिल्या फटक्यातल्या चुका कंपनीने दुरुस्त केलेल्या असतात. करताना बॅटरी निम्म्याच्या वर, वाय-फाय चालू आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेतलेला असावा.

प्रश्न : मिरजेहून लिहिते आहे. अपडेटनंतर फोन फार तापायचा, आता मागचं झाकण एका बाजूने उचललं आहे आणि स्क्रीनच्या कडेने उजेड दिसतो. अजून चालू आहे, वापरू का?

उत्तर : वापरू नका. बॅटरी फुगली आहे. अपडेटने बॅटरी फुगत नाही, ती आधीच थकलेली होती आणि तापण्याने आतला वायू वाढला. हे वाचाल तेव्हा फोन चार्जरला असेल तर काढा, बंद करा. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी किंवा सुरीने उचकटू नका. बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. घरातल्या मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, फरशीवर, कपडे-कागदांपासून लांब ठेवा आणि उद्या सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा हाताशी असलेल्या भरवशाच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतून नेऊ नका. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ती दुकानातच ई-कचऱ्यासाठी द्या. फोनमधले फोटो जात नाहीत, ते बॅटरीत नसतात. नवी बॅटरी बसल्यावर सगळं जागेवर असेल.