वाचकांचे प्रश्न: अनुदान नाकारले गेले, कागदांचे काय?

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मालवण-देवगड परिसरातील घराण्यांकडचे जुने मोडी कागद स्कॅन करून अभ्यासकांना उपलब्ध करावेत, यासाठी आम्ही अनुदानाचा प्रस्ताव पाठवला होता. विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन नोंदी घेतल्या होत्या. प्रस्ताव नामंजूर झाल्याचे दोन ओळींचे पत्र आले आणि सगळ्यांचाच हुरूप गेला. प्राचार्य म्हणतात, आता हा विषय पुरे. ज्यांनी विश्वासाने पेटारे उघडून दाखवले, त्यांना तोंड कसे दाखवायचे? पुन्हा अर्ज करावा का?

उत्तर : आपल्या पत्रातील त्या घरांची चिंता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनुदान मिळाले नाही, ही गोष्ट त्यांना इतरांकडून कळण्याआधी आपण विद्यार्थ्यांसह जाऊन सरळ सांगावी आणि त्याच भेटीत कागद पावसाळ्यात कसे जपायचे, हेही दाखवावे. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदाला बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. नंतरच्या काळात कोणी लावलेल्या टाचण्या खाऱ्या हवेने गंजतात, त्यांचा तांबूस डाग खालच्या पानांत उतरतो आणि तिथे कागद ठिसूळ होऊन भोक पडते. त्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, रुमालांना, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यांना, स्वच्छ धुतलेले पांढरे सुती कापड बांधावे आणि ते भिंतीला न टेकवता जमिनीपासून उंच ठेवावेत. दमट झालेले कागद उन्हात न घालता सावलीत वाऱ्यावर सुकवावेत, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आपला हिरमोड स्वाभाविक आहे. त्याला थोडे दिवस द्यावेत. मग संबंधित संस्थेला नम्र पत्र लिहून परीक्षकांचे अभिप्राय मागावेत. निर्णयाबद्दल वाद घालू नये.

पुन्हा अर्ज जरूर करावा, पण तोच प्रस्ताव तारीख बदलून पाठवू नये. आपले कागद योजनेच्या व्याख्येत बसतात का, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या (२०२५ मध्ये त्याचे ‘ज्ञान भारतम्’ झाले) व्याख्येप्रमाणे हस्तलिखित किमान ७५ वर्षे जुने हवे होते, आणि महसुली कागद किंवा फर्माने त्यात मोडत नव्हती. कोकणातील घरांत पोथ्यांबरोबर खोतीचे (गावच्या सारावसुलीच्या हक्काचे) आणि जमिनीचे कागद एकाच पेटाऱ्यात सापडतात. त्यांची वर्गवारी न करता केलेला अर्ज अशा ठिकाणी केवळ व्याख्येमुळे मागे पडू शकतो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून काम करते, परंतु त्याची मदत मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांसाठी असते, म्हणून तिकडे जायचे तर गावच्या वाचनालयाला बरोबर घेणे योग्य. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आणि वारसा जतन हे दोन्ही विषय आहेत.

अंदाजपत्रकही परक्याच्या नजरेने वाचून पाहावे. बरीचशी रक्कम स्कॅनर आणि संगणकांवर दाखवली असेल, आणि तिसऱ्या वर्षी देखभाल कोण करणार, फाइलींची दुसरी प्रत कुठे राहणार, मोडी वाचणार कोण, याबद्दल दोनच ओळी असतील, तर परीक्षकाला शंका येणारच. मालकांची लेखी संमतीही जोडलेली असावी.

आता विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दल. माझ्या मते आपल्या प्रकल्पाचा खरा पाया त्याच आहेत. कोणत्या घराण्याचे, कोणत्या गावचे, कोणत्या काळातील आणि कशाबद्दलचे कागद, ही सूची नसेल तर हजारो स्कॅन केलेल्या प्रतिमा असूनही अभ्यासकाला हवा तो कागद सापडत नाही. संगणकावरच्या साध्या तक्त्यात ही सूची नीट भरता येईल. घरमालकांच्या परवानगीने ती ग्रंथालयात ठेवावी आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची नावे घालावीत. हे श्रेय त्यांना आज मिळाले पाहिजे. प्राचार्यांकडे सध्या पैसे न मागता एक कोरडे कपाट आणि आठवड्यातील दोन तास मागावेत. पुढचा प्रस्ताव एकाच गावापुरता असावा आणि सोबत ही सूची व काही कागदांचे मोडी वाचन जोडावे.