कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात नवीन आहे. तीन डिस्कचा नवशिक्या संच घेतलाय, पण ओक ग्रोव्हच्या पार्कात रविवारी फार गर्दी असते. तिथे डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळायला जावं का?

जा की! फक्त रविवारी दुपारी जाऊ नका, आणि संचातली ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, काही दिवस घरीच राहू दे.

माझी तिथली दुसरीच खेप होती. ड्रायव्हर जीव खाऊन फेकली, ती हातातून उशिरा सुटली आणि उजवीकडे कुणाच्या तरी वाढदिवसात घुसून बाकाखाली सरपटत गेली. कुणाला लागली नाही, नशीब. पण डिस्क परत देताना तिथल्या आजींनी माझ्याकडे जे बघितलं, ते अजून आठवतं.

तेव्हा कळलं की फेकण्याआधी बास्केटकडे बघून भागत नाही. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते, आणि सोडायला उशीर झाला की सरळ उजवीकडे पळते. म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. ड्रायव्हरला लागणारा वेग आपल्या हातात नसतो, म्हणून ती लवकरच डावीकडे कोसळते; शिवाय तिची कड पातळ आणि कडक असते, लागली तर चांगलीच लागते. पुटरची, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कची, कड जाड, बोथट. ती हळू आणि बऱ्यापैकी सरळ जाते. तीस-पस्तीस मीटर गेली तरी सुरुवातीला पुष्कळ.

बाकीचं तुम्हाला येतंच. गल्लीत क्रिकेट खेळताना कुणी काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या की बोलर रनअप अर्ध्यात सोडून उभा राहायचा, आठवतंय? तेच. तिथे कुत्री फिरवणारे असतात, कधी घोड्यावरून जाणारेही. बरेच जण आपण एखाद्या होलच्या (फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या पट्ट्याच्या) मधून चाललोय हे जाणतही नाहीत, आणि पार्क त्यांचाही आहे. थांबायचं. तरी चुकून डिस्क कुणाकडे निघालीच तर लाजू नका, घसा फाडून "फोर!" (क्रिकेटमधला चौकार नव्हे, गोल्फमधलं "सांभाळा!") ओरडा. मागून सराईत मंडळी आली तर त्यांना पुढे जाऊ द्या. पहिले काही दिवस स्कोअर मोजूच नका.

कोर्स मात्र साधासुधा नाही. १९७५ साली फ्रिस्बीचे डिझायनर एड हेड्रिक यांनी इथेच जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स उभारला. तेव्हा नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे, त्यातून पुढे साखळ्यांची बास्केट आली. साखळ्यांचा तो खळ्ळकन आवाज ऐकला की तुम्ही अडकलात म्हणून समजा. खुद्द हेड्रिक तर इतके अडकले होते की २००२ साली ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या गेल्या!

आणि हो, डिस्कच्या मागे मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. माझी पुटर झुडपात हरवली होती, मी नाद सोडला होता. तीन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून तिचा फोटो आला.